पहिला रीफ टँक लावताना

2020 च्या अखेरीस मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळांच्या 18 वसाहती सोडवून दुसऱ्या जागी बसवण्यात आल्या. तसं केलं नसतं तर सागरी किनारा रस्त्याच्या भरावात त्या गाडल्या गेल्या असत्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं केलं आणि त्याआधी वन्यजीव कायद्याखाली रीतसर परवानगी काढावी लागली. खडकाला चिकटलेल्या या लहानशा जीवांसाठी एवढा खटाटोप का, याचं उत्तर कायद्यात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 सालापासून सगळ्या कठीण प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवलेलं आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतरही त्यांचं संरक्षण कायम आहे.

घरी खाऱ्या पाण्याचा रीफ टँक लावायचा विचार करणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ ज्या हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांवर नवख्याला भुलवतात, ते सगळे कठीण प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सीफॅनही याच यादीत येतात. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि मोठ्या शिंपल्यांच्या काही जातीही संरक्षित आहेत. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या खडपावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला आणि पांढरा पडलेला असला तरी, घरी आणणं हा गुन्हाच. मग उरतं काय? मऊ प्रवाळ. लेदर, मशरूम, झोअँथिड, झेनिया ही मंडळी या अनुसूचीत नाहीत. तरीही आयात केलेल्या प्रत्येक जिवाचं बिल आणि कागद दुकानदाराकडून मागून घ्यावेत, कारण आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नोंदलेले परदेशी जीव बाळगायचे तर त्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. मनात शंका असेल तर वनखात्याला विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत खरेदी थांबवावी.

हे वाचून कुणी हिरमुसलं असेल तर त्यांना मनापासून सांगतो, यात तुमचं काही गेलेलं नाही. ज्या देशांत कठीण प्रवाळ कायद्यानं मिळतात, तिथले जाणतेही नवख्याला पहिल्या वर्षी मऊ प्रवाळच घ्यायला सांगतात. ते पाण्यातले चढउतार सोसतात, त्यांना प्रकाश कमी पुरतो, आणि लेदर प्रवाळाची छत्री सगळे पॉलिप बाहेर काढून प्रवाहात डोलते तेव्हा तिच्यापुढे दुसऱ्या कशाची उणीव भासत नाही. आपल्याकडे कायदा जे सांगतो तेच शहाणपणही सांगतं. या लेखातलं पुढचं सगळं अशाच टँकबद्दल आहे: मऊ प्रवाळ, पैदास केंद्रातले मासे आणि माणसानं बनवलेला खडक.

समुद्र घरात आणायची खटपट दीडशे वर्षांहून जुनी आहे. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकानं व्हिक्टोरियन दिवाणखान्यांत त्याचं वेड पसरवलं. त्या टाक्यांत थंड समुद्रातले जीव असत. उष्ण कटिबंधातलं प्रवाळ घरात जगवायची वाट सापडायला आणखी शंभर वर्षं लागली. 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी समुद्रातला जिवंत खडक टाकीत ठेवला, त्यावर हवेचे बुडबुडे सोडले, सूर्यप्रकाश दिला आणि बाकीचं निसर्गावर सोपवलं. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमर (मळ फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) आणि तीव्र दिव्यांची जोड दिली. आज जगभर चालणारे बहुतेक रीफ टँक या बर्लिन पद्धतीचेच वंशज आहेत. उपकरणं कितीही बदलली तरी खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू हाच या पद्धतीचा कणा.

आता आपल्या हवामानाकडे वळू, कारण महाराष्ट्रातल्या टँकचा खरा कस तिथे लागतो. युरोपातली पुस्तकं हीटर कोणता घ्यावा यावर पानंच्या पानं खर्च करतात. मुंबईत, कोकणात किंवा नागपुरात हीटरची गरज थंडीतल्या थोड्या रात्रींपुरती. आपली चिंता उलटी असते. प्रवाळाला 25 ते 27 अंश सेल्सियस मानवतं. पाणी 30 च्या वर जाऊन तिथेच रेंगाळलं की प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. प्रवाळाचं बरंचसं अन्न हेच शैवाल प्रकाशातून तयार करत असतं, त्यामुळे ते गेलं की प्रवाळाची उपासमार सुरू होते. 1998, 2010 आणि 2016 साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हीच पाळी आली आणि 2024 मध्ये ती जगभर आली. प्रवाळ आपल्या सोसण्याच्या हद्दीला अगदी खेटून जगतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंशाची वाढ काही आठवडे टिकली तरी त्याला ती पुरते. खुल्या समुद्रात हे होतं, तर एप्रिलच्या दुपारी बंद फ्लॅटमध्ये दोनशे लिटर पाण्याचं काय होईल, याचा अंदाज आपल्याला करता येईल.

म्हणून अंदाजपत्रकात चिलरचा आकडा सगळ्यात आधी लिहावा. पृष्ठभागावर पंखा लावून पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं हे खरं आहे. पण ही करामत बाष्पीभवनावर चालते. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा चांगली साथ देतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत, विशेषतः मे महिन्यात, तो नेमका गरजेच्या वेळी लंगडा पडतो. चिलर घेतला तर तो टँकखालच्या बंद कपाटात कोंबू नये. पाण्यातली उष्णता काढून तो बाहेर फेकतो, आणि ती जायला वाट नसली तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरून बंद पडतो. खोली छोटी असेल तर तीही तापते, म्हणून खिडकीजवळची पण थेट ऊन न येणारी जागा बरी.

उन्हाळ्याच्या जोडीला वीज जाण्याचा प्रश्न येतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी जेवढं कोमट तेवढा आणखी कमी. प्रवाह थांबला की काही तासांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चिलर चालत नाही, चालवायचा हट्टही धरू नये. इन्व्हर्टरवर पाणी खेळतं ठेवणारा एक वेव्हमेकर जोडावा आणि जोडीला बॅटरीवरचा एअर पंप ठेवावा. ही दोन यंत्रं चालू राहिली तर वीज गेलेली रात्र निभते. ग्रामीण भागात, जिथे भारनियमन अजून रोजचं आहे, तिथे ही व्यवस्था टँकच्या काचेआधी उभी राहायला हवी.

टँक केवढा असावा? नवख्याला छोटा टँक सोपा वाटतो, पण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक दाट होते. एक मासा मेला, एक दिवस पाणी घालायचं राहिलं, दुपारी पंखा बंद राहिला, की वीस-तीस लिटरच्या टाकीत संध्याकाळपर्यंत संकट उभं राहतं. दोनशे लिटरच्या टाकीत तेच संकट सावकाश येतं आणि सावरायला वेळ देतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे 190 लिटर पाणी मावतं. पहिल्या टँकसाठी मी हेच माप सुचवीन. त्याचं वजनही समजून घ्यावं. पाणी, दहा मिलिमीटरची काच, खडक, वाळू, उपकरणांसाठीची खालची टाकी (संप) आणि स्टँड धरून हा भार तीनशे किलोच्या पुढे जातो. फ्लॅटमध्ये तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावा. इमारत जुनी असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय ठेवूच नये. स्टँड लेव्हलमध्ये आहे की नाही हे पाणी भरण्याआधी बघावं. वाकड्या स्टँडवर काचेच्या एकाच कोपऱ्यावर ताण येतो आणि तो जोड कधीतरी सुटतो.

खाली संप असेल तर पाणी वरून ओसंडून संपमध्ये येतं, तिथे स्किमरमधून जातं आणि पंपानं पुन्हा वर चढतं. संपमुळे उपकरणं नजरेआड राहतात आणि एकूण पाणीही वाढतं. पण वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं, पाइपच्या तोंडापर्यंतचं पाणी उलट्या वाटेनं खाली उतरतं. संपमध्ये तेवढी जागा मोकळी नसली तर ते सगळं हॉलच्या फरशीवर येतं. वाळू-खडक घालण्याआधी, नुसतं पाणी भरून, पंपाचं बटण मुद्दाम बंद करावं आणि पाणी कुठे येऊन थांबतं ते उभं राहून पाहावं. संप ओसंडला नाही तर पंप चालू असताना पाणी जिथे होतं तिथे खुणेची पट्टी चिकटवावी आणि पंप चालू असताना संपमधलं पाणी त्या खुणेच्या वर कधी जाऊ देऊ नये. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळल्यानं अनेकांच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची छतं भिजली आहेत. विजेच्या प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारा खारा थेंब सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल. अर्थिंग पक्कं असावं आणि टँकची सगळी जोडणी आरसीसीबीमधून (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून) जावी. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

आता पाणी. कुणी म्हणेल, समुद्र दारात आहे तर कॅन भरून का आणू नये? कोकणात काही जण आणतातही. पण मुंबईच्या आसपासचं पाणी गढूळ आणि सांडपाण्यानं भरलेलं असतं, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं किनाऱ्याजवळची क्षारता उतरते. दर आठवड्याला सारखंच पाणी मिळण्याची खात्री नाही, आणि प्रवाळाला हवा असतो तो सारखेपणाच. म्हणून शुद्ध पाण्यात रीफ सॉल्ट विरघळवून खारं पाणी घरीच बनवावं.

शुद्ध पाणी म्हणजे काय, यावर आपल्याकडे एक गोंधळ सर्रास होतो. स्वयंपाकघरातला आरओ शुद्ध पाणी देतो ही समजूत. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बऱ्याच घरगुती यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, किंवा खनिजांची कार्ट्रिज असते. माणसाला ते ठीक आहे. टँकला त्यातून फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबंही पोचतं. तांब्याचा अंश गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ यांना विषासारखा असतो. आरओनंतर डीआय रेझिनची नळी लावावी आणि टीडीएस मीटरवर शून्य येईपर्यंत त्या पाण्याला हात लावू नये. तानसा-भातसाचं मुंबईचं पाणी मुळात हलकं, त्यामुळे तिथे रेझिन बरेच दिवस टिकतं. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यावर तेच रेझिन भराभर संपतं. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो, तेही मोरीत सोडून न देता बादलीत धरावं. ते फरशीला चालतं, धुण्याला चालतं, आणि पाण्याची ओढ असलेल्या गावात ते धरून ठेवणं आपलं कर्तव्यच आहे.

मीठ कालवायची रीतही शिकण्यासारखी आहे. एका झाकणाच्या ड्रममध्ये पाणी आधी भरायचं, त्यात छोटा पंप फिरता ठेवायचा आणि मग लिटरमागे साधारण 35 ते 38 ग्रॅम हिशेबानं मीठ थोडं थोडं सोडायचं. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, की कॅल्शियम आणि कार्बोनेट दाट पाण्यात एकत्र येऊन पांढरा साका बसतो, आणि तो पुन्हा विरघळत नाही. रात्रभर पंप चालू ठेवून सकाळी मोजावं. क्षारता हजारी 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026. मोजण्यासाठी हलत्या काट्याचं प्लास्टिक हायड्रोमीटर घेऊ नये. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि तो साध्या पाण्यावर शून्य करून न थांबता 35 च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावा. टँक सुरू झाल्यावर रोज उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची घट शुद्ध गोड्या पाण्यानं भरायची, खाऱ्यानं कधीच नाही. तीन फुटी टँकमधून, पंखा चालू असेल तर, दिवसाला दोन-तीन लिटर सहज उडतात. हे काम आपोआप करणारं ऑटो टॉपअप यंत्र मी चैनीच्या यादीत धरत नाही. क्षारता सकाळ-संध्याकाळ एकाच जागी राहणं ही त्याची किंमत वसूल करणारी गोष्ट आहे.

पाणी तयार झालं, खडक रचला. खडक सुका, माणसानं बनवलेला घ्यावा. जिवंत खडक म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचाच असतो आणि त्याचा कायदा वर सांगितला आहे. सिमेंटचा खडक असेल तर तो काही आठवडे साध्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत, पीएच खाली येईपर्यंत थांबावं. रचताना काचेपासून चार बोटं जागा सोडावी, म्हणजे काच पुसता येते आणि मागून पाणी फिरतं. खडक आधी, वाळू नंतर. वाळूवर खडक ठेवला तर पुढे वाळू उकरणारा गोबी मासा तो एक दिवस पाडतो.

यानंतर येतं सायकलिंग, आणि सगळ्यात जास्त जीव इथेच वाया जातात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्यानं अमोनियाचा विषारी वाटा गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त राहतो. आपल्या बाजारात अजून ऐकू येतं, “साहेब, दोन डॅमसेल घेऊन जा, पाणी सेट होईल.” या सल्ल्याला ठाम नकार द्यावा. दोन मासे जाळून पाणी तयार करायची गरज नाही, आणि त्यातून जगलेला डॅमसेल पुढे प्रत्येक नव्या माशाच्या अंगावर धावतो. अमोनिया बाहेरून घालता येतो. कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, फक्त टँकसाठी तो प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्यावा. अमोनिया लिटरमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत नेऊन बाटलीतले जिवाणू सोडावेत, दिवे बंद ठेवावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजावं. परीक्षानळीतला रंग आधी गर्द हिरवा येतो, मग एके दिवशी फिका, मग पिवळा. तोवर नायट्राइट चढलेलं असतं, पाठोपाठ तेही उतरतं. घातलेला 2 मिलिग्रॅम अमोनिया 24 तासांत शून्यावर येऊ लागला की टँक पहिल्या माशाला तयार झाला. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत बघण्यासारखं काही नसतं, घरातले विचारत राहतात, आणि तरीही दुकानाकडे पाय वळू द्यायचे नाहीत.

दिवे आणि प्रवाह यावर थोडक्यात. मऊ प्रवाळांना मध्यम प्रकाश पुरतो. पीएआर मीटरवर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर) 50 ते 150 दाखवणारा एलईडी, दिवसाला आठ-नऊ तास, टायमरवर. सुरुवात अर्ध्या तेजानं करून महिन्याभरात वाढवावा. प्रवाह मात्र सढळ हवा. तासाला टँकच्या वीसपट पाणी फिरेल असा वेव्हमेकर, आणि त्याची दिशा बदलती. एकाच प्रवाळावर सरळ झोत मारला तर त्याचं अंग सोलवटून निघतं. स्किमर टाकीतल्या पाण्याला लागेल त्यापेक्षा थोडा मोठा घ्यावा. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि सेंद्रिय मळ त्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढतो. त्याच्या पेल्यात साठणारं तपकिरी, दुर्गंधी पाणी पाहिलं की ते टाकीतच राहिलं असतं तर काय झालं असतं ते कळतं.

मासे निवडताना पैदास केंद्रातल्या माशांनाच पहिला मान द्यावा, असं माझं ठाम मत आहे. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या काही भागांत खडकांतले मासे सायनाइड फवारून गुंगवून पकडण्याची पद्धत बरीच वर्षं चालत आली आहे. त्यात मासा तर खंगतोच, भोवतीचं प्रवाळही मरतं. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली. महाराष्ट्रात नवी मुंबईच्या ऐरोलीत, कांदळवन प्रतिष्ठानच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची पैदास होते. क्लाउनफिश बंद पाण्यात जन्मलेला असला की त्याला गोळीचं खाद्य माहीत असतं, टाकीची सवय असते, आणि त्याच्यामागे कुठलाही खडक उजाड झालेला नसतो. जोडी घ्यावी, तीही एक मोठा आणि एक छोटा. हे सगळे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि छोटा नर राहतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर हा निकाल लागेपर्यंत ते भांडतात. समुद्रफूल नसलं तरी क्लाउनफिशचं काही अडत नाही. समुद्रफुलाला मात्र मुरलेला टँक लागतो, आणि ते रात्रीतून चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये चिरडलं तर पूर्ण टाकी नासते. पहिल्या वर्षी ते नकोच.

190 लिटरमध्ये क्लाउनची जोडी, एक गोबी, एक फायरफिश आणि फार तर बांगाई कार्डिनल, इतकी मंडळी सुखानं राहतात. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळीचं झाकण हवंच. निळा टँग मात्र घेऊ नये, दुकानात तो कितीही लहान दिसला तरी. तो एक फुटापर्यंत वाढतो आणि समुद्रात मैलोगणती पोहतो. मँडरिन मासाही टाळावा, तो जिवंत सूक्ष्म जीवांवरच जगतो आणि नव्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो. फुलपाखरू मासे तर कित्येकदा प्रवाळच खातात.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या, मोकळ्या टाकीत किमान चार आठवडे ठेवावा. तिथे एक स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. सागरी पांढरे ठिपके, मखमली रोग हे इथेच ओळखू येतात, आणि त्यांच्यावरचं तांब्याचं औषध इथेच देता येतं. रीफ टँकमध्ये ते घालता येत नाही, कारण तेच तांबं प्रवाळाला आणि गोगलगाईंना मारतं. मुख्य टँकमध्ये पांढरे ठिपके शिरले तर सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही. ही वेगळी टाकी लावायला बहुतेक जण टाळाटाळ करतात. माझ्या मते चिलरनंतरची सगळ्यात महत्त्वाची खरेदी तीच.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टँक कुरूप होतो. आधी वाळूवर तपकिरी डायटमचा थर, मग खडकावर हिरवे केस, कधी लाल-जांभळी सायनोबॅक्टेरियाची साय. नवखे इथे हबकतात आणि औषधाच्या बाटल्या आणतात. बहुतेक वेळा काहीच ओतायची गरज नसते. टर्बो आणि ट्रोकस गोगलगाई सोडाव्यात, हातानं शैवाल उपटावं, खाद्य थोडं कमी करावं, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहावं. एक धोका मात्र उलट बाजूनं येतो. शैवालाच्या धसक्यानं नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले तर डायनोफ्लॅजलेटचा चिकट, बुडबुड्यांनी भरलेला थर धरतो आणि तो हटवणं केसांच्या शैवालापेक्षा कितीतरी कठीण. नायट्रेट 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असावं. मऊ प्रवाळांनाही थोडी घाण लागतेच, त्यावर ते पोसतात. खडकावर गुलाबी-जांभळे ठिपके उमटू लागले की समजावं, चुनेदार शैवाल धरलं, टाकी मार्गी लागली.

कठीण प्रवाळ नसल्यानं कॅल्शियमची रोजची खटपट वाचते. अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1300 च्या आसपास, हे आकडे साप्ताहिक पाणी बदलातूनच बहुधा राहतात. पुढे चुनेदार शैवाल भरपूर वाढलं आणि अल्कलिनिटी घसरू लागली तर उडालेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी रात्री थेंबथेंब सोडावी. युरोपात ही रीत मऊ-कठीण दोन्ही टँकना अनेक दशकं वापरली गेली आहे. निवळी म्हणजे वरचं नितळ पाणी, तळाचा साका नव्हे, आणि एकदम ओतली तर पीएच झेपावतो.

एक इशारा मुद्दाम सविस्तर देतो, कारण दुकानात तो क्वचितच कुणी देतं. झोअँथिड आणि विशेषतः पालिथोआ जातींमध्ये पालिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हातावर जखम असेल तर त्या दिवशी कामच करू नये. तुकडे कापताना तोंडाशी शिंतोडे उडू देऊ नयेत. आणि असा खडक निर्जंतुक करण्यासाठी कधीही गरम पाण्यात उकळू नये किंवा दाबाच्या पाण्यानं धुऊ नये. वाफेतून आणि तुषारांतून हे विष श्वासात जाऊन अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत. घरात लहान मुलं असतील तर पालिथोआ आणूच नये. लेदर आणि मशरूम पुष्कळ आहेत.

शिकायचं कुठे? रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, तिथे समुद्री मासे जवळून पाहता येतात. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात कित्येक पिढ्यांनी समुद्राचा तळ पहिल्यांदा पाहिला. आणि खरं प्रवाळ बघायचं तर 1987 पासून अभयारण्य असलेल्या मालवणच्या पाण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, परवानाधारक मार्गदर्शकाबरोबर बुडी मारावी, फक्त कशालाही हात न लावता. आणखी आत, विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा अँग्रिया बँक हा बुडीत पठाराचा प्रदेश आहे. तिथल्या प्रवाळांची पाहणी 2019 च्या अखेरीस झाली. आपल्याच समुद्रात एवढं प्रवाळ आहे हे बहुतेक मराठी माणसांना ठाऊक नसतं, आणि टँक लावणाऱ्यानं ते ठाऊक करून घ्यावं.

शेवटचा मुद्दा सुट्टीचा. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जायचं तर टँक कुणाच्या भरवशावर सोडायचा, हे टँक विकत घेण्याआधी ठरलेलं असावं. शेजारचे काका प्रेमानं बघतील, पण प्रेमानंच डबा उपडा करतील. प्रत्येक दिवसाचं खाद्य मोजून कागदाच्या पुडीत बांधावं, पुड्यांवर वार लिहावेत आणि डबा कुलपात ठेवावा. टॉपअपची टाकी भरून जावी, स्किमरचा पेला रिकामा करून जावा. काचेवर एक कागद चिकटवावा: थर्मामीटर 28 च्या वर गेला तर पंखा कुठला लावायचा, वीज गेली तर एअर पंपाचं बटण कुठे आहे, आणि कुठलंही बटण समजलं नाही तर त्याला हात न लावता कुठल्या नंबरवर फोन करायचा. निघण्याआधीच्या निदान पंधरा दिवसांत नवा मासा किंवा प्रवाळ आणू नये, आणि निघायच्या दोन दिवस आधी काकांना बोलावून एकदा सगळं त्यांच्या हातून करून घ्यावं.